थैलीत घालून नेऊ का?

माणसाला मारतात तेव्हा जो आवाज येतो तो टीव्हीवाल्यांना अजून सापडलेला नाही. त्यांचा ठोसा ढोलासारखा वाजतो. खरा मार बसका वाजतो. ओली गोधडी दगडावर टाकून मोगरीनं बडवावी, तसा. धप्, धप्. मधेच एखादा कोरडा ‘कट्’ येतो. तो आला की समजायचं, आत काहीतरी मोडलं. हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या कानांनी ऐकलंय, आणि ज्याला मारत होते तो माझा नवरा होता.

पण आधी आमचं सांगते. म्हणजे आम्ही म्हातारी माणसं तिथं कडमडलो कशाला, ते कळेल.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. पोरं त्यांना नाना म्हणतात, गल्ली नाना म्हणते, मग मीही नानाच म्हणायला लागले. रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस घरी पाय पसरून बसेल. सगळं आयुष्य रस्त्यावर गेलेलं. हार गळ्यात घालून घरी आले, थोडे दिवस नुसते झोपले, आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “चाल वं, फिराले जाऊत.”

“कथा?” कुठं, ते मी विचारलं.

“कथाबी. गाडी दुसरा चालाडी. मी नुसता बठसू.”

पहिल्याच फेरीला शहाद्याच्या स्टँडवर आमचं भांडण झालं, खिडकीवरून.

“खिडकी मन्ही शे,” नाना म्हणाले.

“आख्खी नोकरी खिडकीमाच बठनात ना तुमी?”

“ती खिडकी नई व्हती वं, ती काच व्हती. समोर देखू का झाडं देखू?”

बसमधली माणसं हसली. मी खिडकी दिली. तेव्हापासून खिडकी त्यांची, आणि खाण्याचं डबडं माझ्या मांडीवर.

आमचं फिरणं देवाधर्माचं कधीच नव्हतं, खाण्याचं होतं. सोनगडला जायचं ते खमणसाठी. नवापूरकडे जायचं ते तिकडच्या तांदळाच्या भाकरीसाठी, आणि सोबत जे तिखट जाळ कालवण देतात त्यासाठी. तोरणमाळला गेलो तेव्हा घाटात नानांचा पाय प्रत्येक वळणाला पुढच्या सीटखाली दाबला जायचा, ब्रेक असल्यासारखा. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, “बाबा, लात काबर मारी ऱ्हायनात?” नाना इतके लाजले की वर पोचेपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले. वर मात्र ठेचा आणि गरम भाकर मिळाली तेव्हा म्हणाले, “आठे मी गाडी लई किती येळा उनू, पन भाकर आजच खादी.”

आणि करमणूक. खोटं कशाला बोलू, मला मारामारी आवडायची. जत्रेतली कुस्ती मी पुढच्या रांगेत बसून बघायचे, पदर खोचून. “दाब त्याले, दाब! मान धर!” असं ओरडायचे, की शेजारचे पैलवान वळून बघायचे. गोल विहिरीतली मोटारसायकल, कोंबड्यांची झुंज, टीव्हीवरचे खून. संध्याकाळी जेवताना खुनाची मालिका नसली तर मला घास गोड लागायचा नाही. नानांना मुलानं मोठा मोबाईल दिला होता. त्यावर जुन्या ड्रायव्हरांचा एक ग्रुप आणि आमच्या भाऊबंदांचा एक. दोन्हीकडून सारखे व्हिडिओ यायचे. ट्रक उलटलेला. साप आणि मुंगूस. खांबाला बांधून चोराला मारतायत. नाना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचे, आणि आम्ही शेवभाजीत भाकर बुडवत बघायचो. एकदा त्या चोराच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा मी म्हटलं, “बस करा रे आते,” आणि दुसऱ्या हातानं भाकर मोडली. एवढंच. पुढचा व्हिडिओ आला, आम्ही तो बघितला.

तर त्या दिवशी. उन्हाळा नुकता चढायला लागला होता. सातपुड्यातल्या बाया कैऱ्या कापून उन्हात वाळवतात, त्याची आमचूर खाली बाजारात यायला लागते ते दिवस. मला ती हवी होती. दुकानातल्या आमचुरीत काय काय दळलेलं असतं देव जाणे. म्हणून आम्ही अक्कलकुव्याच्या पुढे, हायवेच्या एका फाट्यावर बाजार भरतो, तिकडे निघालो. खापर गावाकडे जाणारी गाडी होती, खच्चून भरलेली. पायाशी कुणाच्या कोंबड्या पाय बांधून उलट्या टाकलेल्या.

गाडीत सगळे एकच बोलत होते. पोरं पळवणारी टोळी आलीय. म्हाताऱ्या बाईच्या वेशात फिरतात, हातात थैली असते, पोराला काहीतरी खायला देतात आणि थैलीत घालतात. एक बाई मोबाईलवर फोटो दाखवत होती. त्यात टोळीतली म्हणून मारलेली एक म्हातारी रस्त्यात पडलेली. नानांच्याही मोबाईलवर तोच फोटो आलेला. त्यांनी मला दाखवला. मी म्हटलं, “काहीबी टाकतस,” आणि डब्यातली पुरी त्यांच्या हातात दिली.

बाजारात पोचलो. मिरचीचा खकाणा, बकऱ्यांची मुंडकी एका पाटावर ओळीनं मांडलेली, डोळे उघडे. मी आधी नातीच्या लेकीसाठी एक झबलं घेतलं, पिवळं, छोट्या बटणांचं, आणि थैलीत टाकलं. मग लिंबाच्या झाडाखाली एक बाई आमचूर घेऊन बसली होती तिच्याकडे बसले. डोंगरातली तरणी बाई, कानात चांदीचं, जवळ तिचं पोर. तीनेक वर्षांचं असेल. कमरेला काळा करगोटा, अंगात नुसता सदरा, आणि गाल असे की चिमटा काढावा. तिची बोली मला अर्धी कळते, माझी तिला अर्धी. पण आमचूर घासाघीस करून घ्यायला तेवढी पुरते.

नाना म्हणाले, “मी गोडी शेव लयस.” गुळाची ती शेव त्यांना डॉक्टरनं बंद केलेली, म्हणून मी मोठ्यानं ‘नई’ म्हणायच्या आत ते गर्दीत शिरले.

बाईकडे सुट्टे नव्हते. ती उठली, पोराकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं, म्हणजे याच्याकडे लक्ष ठेव, आणि पलीकडच्या मिठाच्या दुकानाकडे गेली. पोर मला न्याहाळत बसलं. मी डब्यातली पुरी तोडून त्याला दिली. त्यानं घेतली. खाल्ली. अजून हात पुढे केला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खानदेशात दुसऱ्याचं गोड पोर दिसलं की म्हातारी बाई एक वाक्य म्हणतेच म्हणते. न म्हणणारी मी पाहिलेली नाही. माझ्या आजीनं म्हटलं, माझ्या सासूनं म्हटलं, मी तर आयुष्यभर गल्लीतल्या सगळ्या पोरांना म्हणत आले. “येस का मन्हासंगे? थैलीमा टाकी लई जाऊ का तुले?” पोर आईच्या मागे लपतं. मग आई म्हणते, “लई जा माय, लई जा, भलता तरास देस!” पोर अजून घट्ट चिकटतं, दोघी हसतात, झालं. तो दोघींचा खेळ आहे. पहिलं वाक्य म्हातारीचं, दुसरं आईचं.

मी थैलीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं आणि माझं वाक्य म्हटलं. सवयीनं. बसमधला तो फोटो माझ्या डोक्यातही नव्हता. दुसरं वाक्य म्हणायला आई जागेवर नव्हती.

आणि आमची ती बोली अशी, की ‘लई जाऊ’ म्हटलेलं गुजरातीवाल्याला कळतं, डोंगरातल्याला कळतं, हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही कळतं. शब्द सगळ्यांना कळले. मी हसत होते ते तेवढं कुणाला दिसलं नाही.

“ए! काय बोलली तू?”

मागे एक मोटारसायकलवाला तरुण उभा होता. मी म्हटलं, “काही नई रे बाबा, मस्करी करी ऱ्हायनू.” बघा, घाबरून माझं ‘ऱ्हायनी’चं ‘ऱ्हायनू’ झालं. बाईमाणूस बाप्यासारखी बोलली. तो ओरडला, “बाई नई शे ही! बाईना वेश लेयल शे!”

मग काय झालं ते फार भराभर झालं. माझा पदर ओढला गेला. केस ओढून बघितले, खरे आहेत का. कुणी थैली उलटी केली. आमचूर मातीत सांडली, डबा खडखडत गेला, आणि झबलं वर आलं. पिवळं झबलं. एकानं ते काठीच्या टोकावर धरून वर केलं. “पोरना कपडा! पोरना कपडा शे थैलीमा!” गर्दी कशी फुटते हे मी जत्रेत बघितलंय, पण गर्दी कशी जमते ते तेव्हा बघितलं. भाजीवाले उठले, चहावाला उठला, जीपमधून माणसं उतरली. कुणी एका बोलीचं नव्हतं. हिंदी, गुजराती, डोंगरची बोली, आणि अगदी माझ्या माहेरची अहिराणीही. सगळ्यात पुढे जो होता त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, खिशाला पेन. तो आमच्याच पट्ट्यातला, बोलण्यावरून मला ओळखू आला. मी त्याला म्हटलं, “दादा, तू तरी ऐक.” त्यानं माझ्या तोंडात मारली. माझी कवळी हलली.

तेवढ्यात नाना आले. हातात शेवेचा पुडा. “सोडा तिले! मन्ही बायको शे ती!”

म्हातारीला मारायला लोकांचा हात थोडा तरी अडखळत होता. म्हाताऱ्याला मारायला अडखळला नाही.

“हा बी शे संगे! धरा!”

“कोठे ठेवात पोरं? बोल!”

नाना बिचारे. जन्मभर पोलीस असो, प्रवासी असो, कुणी अडवलं की एकच वाक्य सांगायची सवय. ते म्हणाले, “मी डायव्हर शे रे भाऊ, मी डायव्हर शे!”

“डायव्हर शे!” इस्त्रीच्या शर्टवाला मागे वळून ओरडला. “म्हणजे गाडी बी शे! गाडी कोठे शे तुन्ही?”

“रिटायर व्हयनू… गाडी नई…”

पहिली काठी खांद्यावर बसली. तंबूचा बांबू होता तो, कुणीतरी उपटून आणलेला. तो कट् आवाज तेव्हाच आला. नाना खाली बसले. बसलेल्या माणसाला लाथा सोप्या पडतात. पोटात, पाठीत, कानावर. कुणी पट्टा काढला, त्याचं बक्कल कपाळावर लागलं आणि डोळ्यात रक्त उतरलं. वजनकाट्यातलं माप फेकून मारलं कुणी. शेव सगळी मातीत पसरलेली आणि त्यावर पाय. मी एकाच्या हाताला कडकडून चावले. तोंडात त्याचं रक्त आलं, खारट, मी थुंकले आणि पुन्हा चावले. दोघांनी मला मागून धरलं होतं, आणि त्यातला एक दुसऱ्या हातानं मोबाईल वर धरून होता. मी ओरडत होते ते त्यालाही ऐकू येत होतं, पण तो बघत होता स्क्रीनमध्ये.

नाना आता ‘डायव्हर’ म्हणत नव्हते. दोन्ही हात डोक्यावर घेऊन गुडघ्यात मान घालून आडवे पडले होते, पोटातल्या पोरासारखे. मला वाटलं, गेले. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी शिव्या दिल्या. मला येतात तेवढ्या सगळ्या.

मग ती आली. आमचूरवाली. पोर रडतंय आणि गर्दी जमलीय एवढंच तिला दिसलं असणार. पोराला तिनं आधी उचललं, चाचपलं, आणि तिच्या बोलीत ओरडून विचारलं, काय चाललंय. कुणीतरी सांगितलं, तुझं पोर पळवत होते. ती म्हणाली, मीच ठेवलं होतं तिच्यापाशी. हे मला कळलं, कारण तिनं बोट माझ्याकडे केलं होतं. कुणी ऐकेना. आवाजच एवढा होता. बांबू पुन्हा वर गेला. ती आडवी झाली तर बांबू तिच्या दंडावर बसला, बांगड्या फुटल्या. एकानं तिला ढकलून म्हटलं, “तू बी त्यासमधली शे का?”

तेव्हा तिनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. तिनं आपलं पोर नानांच्या छातीवर बसवलं. नाना कुशीवर होते, त्यांना खांद्याला धरून उताणं केलं, आणि वर पोर ठेवलं, घोड्यावर बसवावं तसं. आणि स्वतः बाजूला उभी राहून दोन्ही हात पसरून काहीतरी बोलली. दोनच शब्द. अर्थ विचारायची गरज पडली नाही. आता मारा.

बांबू वरच राहिला. पोर रक्ताच्या सदऱ्यावर बसून भोकाड पसरून रडत होतं, आणि नानांचा एक हात, जो डोक्यावर होता तो, खाली आला आणि त्यानं पोराचा सदरा धरला. पडू नये म्हणून. शुद्ध नव्हती धड, पण पोर पडू नये हे त्या हाताला कळत होतं. ते सगळ्यांनी पाहिलं. मागचे लोक आधी सरकले. मग बाजूचे. इस्त्रीच्या शर्टवाला सगळ्यांत शेवटी गेला. जाताना त्यानं खिशातलं पेन आहे का ते चाचपलं.

पोलिसांची जीप आली तिच्यात आम्हाला घातलं. ती बाईही आली, कारण नाना पोराचा सदरा सोडेनात. मूठ उघडतच नव्हती. रस्त्यात तिनं मला विचारलं, खुणेनं आणि तोडक्या मराठीत, की पोराला मी म्हटलं काय होतं. मी सांगितलं. थैलीचं, नेऊ का म्हटल्याचं, आमच्यात असं म्हणतात ते. ती हसली नाही. म्हणाली, “आमच्यात नाय बोलत असं. पोर ऐकते ना.” एवढंच म्हणाली आणि आपल्या दंडावरची काच उपटून बाहेर टाकत बसली.

नानांची खांद्याकडची हासळी मोडली, बरगड्या मोडल्या, उजवा कान गेला. कपाळावर टाके. दवाखान्यात ते झोपलेले असताना माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. तिला आमचं काही माहीत नव्हतं. ती उत्साहात होती.

“आक्का, ग्रुपवर देखं का? पोरं धरनारा सापडी गया! काय मारं त्याले!”

मी म्हटलं, “तू पुरा देखा?”

“दोनदा देखा. मंग पुढे धाडा.”

“तुन्हा जेठ शे तो.”

ती रडायला लागली. “चेहरा कोठे दिसस त्यामा आक्का, नुसतं रगत व्हतं वं…”

मी तिच्यावर रागावले नाही. मी तो व्हिडिओ उघडला. दवाखान्याच्या बाकावर बसून सगळा बघितला. जेवढं प्रत्यक्षात वाटलं त्याच्यापेक्षा फार लहान होता तो. आणि बघणारा मधेच हसलेला ऐकू येतो. कोण हसलं कुणास ठाऊक. कुस्तीत डाव बसल्यावर हसतात तसं साधं हसू.

घरी आलो. हाडं जुळली. टाके निघाले. गल्लीतली माणसं भेटून गेली, कुणी मोसंबी आणली, कुणी शिरा. नाना खायचे, औषध घ्यायचे, एका कानानं ऐकायचे. पण दाराच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकेनात. ओट्यावरसुद्धा नाही. “नाना, चला, कोपऱ्यापर्यंत जाऊत,” म्हटलं की म्हणायचे, “ऊन शे.” संध्याकाळी म्हटलं की, “आते कथा?” खाटेवर भिंतीकडे पाठ लावून बसायचे, म्हणजे मागून कुणी येऊ नये. ज्या माणसाला खिडकी लागायची त्यानं घरातली खिडकी लावून घेतली. मला दुसरं काही नको होतं. खमण नको, आमचूर नको. मला तो खिडकीसाठी भांडणारा माणूस परत हवा होता, आणि तो मिळतो की नाही ह्याच्यापुढे मला काही सुचत नव्हतं.

मग पोलिसांचं बोलावणं आलं, ओळख पटवायला. मुलगा गाडी घेऊन आला, नानांना अक्षरशः उचलून बसवलं. तिथं एका बाकावर आम्ही दोघं बसलो. काही जणांना आणून उभं केलं. त्यात तो होता. शर्ट आजही इस्त्रीचा.

त्यानं मला ओळखलं. हात जोडले. “आजी, माफ करा. आम्हाला वाटलं…”

“काय वाटलं तुले?”

“पोरांसाठी केलं आजी. आमचीबी पोरं शेतस.”

आणि तो हसला. घाबरून हसला असेल. मला आता वाटतं घाबरूनच हसला. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रक्त आलं. मी उठले, पायातली चप्पल काढली आणि हात वर केला. त्याच्या तोंडावर हाणायची होती मला, दात हलेपर्यंत. जत्रेत ओरडायचे तशी आतून कुणीतरी ओरडत होती, हाण, हाण.

शेजारी धपकन आवाज झाला.

नाना बाकाखाली गेले होते. दोन्ही हात डोक्यावर, गुडघ्यात मान. तोच आकार. फरशीवर कपाळ टेकलेलं, आणि तोंडातून, “डायव्हर शे… मी डायव्हर शे…”

माझा हात वर होता, त्यांना तेवढंच दिसलं होतं. हात कुणाचा ते दिसलं नव्हतं.

मी चप्पल टाकली. खाली बसले. म्हटलं, “नाना, मी शे. मी शे ना.” किती वेळ म्हणत होते कुणास ठाऊक. त्या माणसाकडे मी बोट दाखवलं, साहेबांना सांगितलं, हा होता, ह्यानं काय काय केलं. सगळं सांगितलं, एक लाथ सोडली नाही. पण बसून सांगितलं, हात मांडीवर ठेवून.

घरी आल्यावर लक्षात यायला लागलं. मी मांडणीवरून डबा काढायला हात वर केला की खाटेवर नाना आखडतात. वाळत घातलेला कपडा काढला की आखडतात. खुंटीवरची पिशवी, देवाची घंटा, काहीही. हात वर गेला की त्यांचे हात वर जातात. म्हणून मी सगळे डबे खाली आणले. डाळी, तिखट, हळद, पापडाचा डबा, सगळं चुलीशेजारी जमिनीवर. घंटा काढून ठेवली. कपड्यांची दोरी कमरेइतकी खाली बांधली. सुना येऊन म्हणाल्या, “आई, ही काय नवी मांडणी?” मी म्हटलं, “वाकाले बरं पडस.” बरं कुठलं पडतंय. सत्तरीची कंबर माझी. दर वेळी उठताना तोंडातून आई गं निघतं.

आणि हे असंच चाललं होतं. पावसाळा गेला.

काल-परवाची गोष्ट. मी स्वयंपाक करत होते, वाकून तिखटाचा डबा घेतला आणि उठताना कंबरेत अशी कळ आली की भिंतीला धरून उभी राहिले. नाना खाटेवरून बघत होते. म्हणाले, “वं, तो डबा वर ठेव.”

“राहू द्या, आठेच बरा शे.”

“वर ठेव म्हनस ना. कंबरनी वाट लागी ऱ्हायनी तुन्ही.” मग जरा थांबून म्हणाले, “हळू ठेव. आधी सांग. मंग हात वर कर.”

मी म्हटलं, “आते वर करस.” आणि तिखटाचा डबा दोन्ही हातांनी धरून हळूहळू वर नेला. वळून बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, मुठी चादरीत. पण हात वर गेले नव्हते. खाटेवरच होते.

“ठेवाई गया?” त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

“ठेवाई गया.”

“आते हळदीना.”

मी हळदीचा उचलला. “वर करस,” म्हटलं. ह्या वेळी एक डोळा उघडा होता. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते, घाटातलं वळण बघावं तसे. घाम आला होता कपाळावर, टाक्यांच्या खुणेवरून ओघळत होता. मी म्हटलं, “बस आज एवढं.” तर म्हणाले, “दाळना बी.”

डाळीचा डबा जड आहे. “वर करस,” म्हटलं, आणि दोन्ही हातांनी तो हळूहळू वर नेला.